झोपलेल्या ड्रायव्हरला उठवू नये

नाशिक रोडला कुणाला दोन दिवस समुद्रावर जायचं असेल तर तो आधी मुस्तकीमभाईंना फोन करतो, आणि मुस्तकीमभाई लगेच त्याचा बेत बदलून टाकतात. अलिबाग म्हणालं की ते म्हणणार, तिथे काय बघणार, माणसांची डोकी? गणपतीपुळे म्हणालं की लांब पडतं, म्हाताऱ्यांची कंबर धरते. मग घसा खाकरून ते आपलं ठेवणीतलं गाव काढतात. जुनं बंदर आहे, तटाला भली मोठी कमान आहे, आत अरुंद गल्ल्या आणि लाकडी सज्जांची घरं. पोर्तुगीजांच्या वेळचं पडकं चर्च आहे, जुनी मशीद आहे. समोर पाण्यात बेट, बेटावर नुसतं जंगल, लाँचने वीस मिनिटं. पहिल्या दिवशी गाव, दुसऱ्या दिवशी बेट, दोन्ही वेळा ताजी मासळी. 'एकदम निवांत,' असं म्हणून ते थांबतात, आणि तोवर गिऱ्हाइकाने मनातल्या मनात बॅग भरलेली असते.

गावाचं नाव इथे मुद्दामच देत नाही. दिलं तर पुढच्या शनिवारी तुम्ही तिथे स्पीकर घेऊन पोहोचाल, आणि मग कसलं निवांत.

हे वर्णन ऐकून वाटावं की या माणसाने बेटावर मुक्काम ठोकले असतील. खरी गोष्ट अशी की तीन वर्षांत चौदा फेऱ्या करूनही मुस्तकीमभाई एकदाही लाँचमध्ये बसले नव्हते. कमानीच्या आतही गेले नव्हते. गल्ल्या, सज्जे, जंगल, सगळं पॅसेंजरांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांना स्वतःला त्या गावातली एकच जागा माहीत होती, जेटीशेजारचं पार्किंग. तिथे गाडी लावायची, काचा दोन बोटं खाली घ्यायच्या, ड्रायव्हरची सीट मागे पाडायची आणि तोंडावर टॉवेल टाकायचा. पॅसेंजर परत येईपर्यंत तसंच पडून राहायचं. झोप मात्र कधी लागायची नाही.

कारण कमानीच्या आत, तिसऱ्या गल्लीत, त्यांची मुलगी राहते. उजमा. पार्किंगपासून तिचं घर फार तर तीनशे पावलं असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसा प्रकार, फक्त इथे कळसा कुठे आहे हे वळसा घालणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी उजमा महाडला एका लग्नाला गेली आणि तिथे तिला रहेमान भेटला. लाँचवर काम करणारा, शिडशिडीत, कमी बोलणारा मुलगा. तिकडे मुस्तकीमभाईंनी मालेगावच्या थोरल्या भावाला शब्द देऊन ठेवला होता की पोरगी तुमच्या फैजानलाच देईन. शब्द मोडला. भावाने चारचौघांत पाणउतारा केला. मुस्तकीमभाई घरी आले आणि मुलीला म्हणाले की तुला जायचं असेल तर जा, पण या घराचा दरवाजा विसरून जा. उजमा गेली. त्यांना वाटलं होतं, वर्षभरात येईल रडत. ती आली नाही, आणि त्यांनी बोलावलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी दोघांची जात, बापाची आणि लेकीचीही.

पण एवढ्यावर असतं तर मिटलं असतं. बाप-लेकीचं असलं भांडण पहिल्या नातवंडाबरोबर मिटतं, आणि उजमाला कशिश झाली तेव्हा ते मिटण्याच्या बेतातही आलं होतं. मुस्तकीमभाईंची बायको मासूमा रोज थोडं थोडं बोलून त्यांना वळवत होती. मग तीन वर्षांपूर्वी मासूमाच आजारी पडली. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने नवऱ्याचा हात धरून सांगितलं, उजमाला फोन लाव, मला तिच्याशी बोलायचंय. मुस्तकीमभाई म्हणाले, उद्या लावतो. पहाटे मासूमा गेली. मयतीला मालेगावचा भाऊ येऊन बसला होता. त्याच्यासमोर उजमाचं नाव काढायची हिंमत मुस्तकीमभाईंना झाली नाही. उजमाला आई गेल्याचं दहाव्या दिवशी कळलं, तेही जुन्या शेजारणीकडून. तिने बापाला फोन केला. बापाने उचलला नाही. तिने पुन्हा केला नाही.

त्यानंतर महिन्याभरातच मुस्तकीमभाई गिऱ्हाइकांना या गावाचं गुणगान ऐकवायला लागले.

लोकांना वाटतं माणूस रागाने दूर राहतो. मुस्तकीमभाईंचा राग केव्हाच विरून गेला होता. उरली होती भीती. उजमा समोर आली तर पहिला प्रश्न काय विचारेल हे त्यांना माहीत होतं, आणि त्याचं उत्तरही एकच होतं. म्हणून तोंडावर टॉवेल. यायचं तर होतंच, त्याशिवाय राहवत नव्हतं, पण दिसायचं नव्हतं.

नाशिक रोडच्या दोन खोल्यांत मग त्यांना करमेना. रात्री परत आलं की कुलूप स्वतः उघडायचं, दिवा स्वतः लावायचा. चहा एक कप करायचा म्हटलं की पातेलं मोठं वाटायचं. शेजारचे बोलावत, ईदला शीरखुर्मा पाठवत, पण वाटी परत करताना काय घालून द्यायचं हे मासूमाला समजायचं, यांना नाही. ते वाटी धुऊन तशीच परत देत आणि दिवसभर त्याची लाज वाटून घेत.

यंदाच्या जानेवारीत नोटा छापणाऱ्या प्रेसमधल्या निवृत्त मंडळींचा एक ग्रुप निघाला. पंधरा माणसं, सगळी साठीच्या पुढची. पुढारपण कमळाबाईंकडे. त्या प्रेसमधल्या नव्हेत, त्यांचे यजमान होते. त्या स्वतः शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून दिसेल त्याला वर्गात बसवतात. ग्रुपमध्ये एक कोंडाजी आप्पा होते. पंचाहत्तरीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. सुनेने 'जरा मोकळी हवा घेऊन या' म्हणून त्यांचं नाव परस्पर घातलं होतं. मोकळी हवा कुणाला हवी होती हे आप्पांना कळत होतं. प्रवासभर ते मुस्तकीमभाईंच्या मागच्या सीटवर बसून कसारा घाटापासून पेणपर्यंत एकच विचारत राहिले की समुद्र डाव्या हाताला लागणार की उजव्या.

शनिवारी गाव बघून झालं. रविवारी सकाळी मंडळी जेटीवर गेली. मुस्तकीमभाई टॉवेल शोधत होते तेवढ्यात कमळाबाई परत आल्या. आप्पा लाँचमध्ये चढायला तयार नव्हते. मुस्तकीमभाई हात धरणार असतील तर येतो, नाहीतर इथेच बसतो, असं म्हणत होते. मुस्तकीमभाईंनी गाडीचं कारण सांगितलं, पार्किंगवाल्याचं कारण सांगितलं, पाठदुखीचंही सांगितलं. कमळाबाई ऐकून घेतल्यासारखं करून म्हणाल्या, 'चला.' तीस वर्षं मुलांची कारणं ऐकलेल्या बाईसमोर ड्रायव्हरचं काय चालणार.

जेटीच्या फाटकाशी तिकीट बघणारा माणूस उभा होता. आप्पा त्याच्यासमोर गेले आणि दोन्ही हात आडवे पसरून उभे राहिले. चाळीस वर्षं प्रेसच्या फाटकावर रोज झडती दिलेली. अंगातली सवय जाते थोडीच. सगळे हसले, आप्पाही हसले, आणि त्या हसण्यात मुस्तकीमभाई लाँचच्या काठाशी कधी पोहोचले ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

वर चढायला हात पुढे आला तो रहेमानचा होता.

नऊ वर्षांपूर्वी हाच मुलगा नाशिक रोडच्या दारात उभा राहिला होता आणि त्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आता दाढी राखलेली, अंग भरलेलं, लाँच स्वतःची झालेली. रहेमानने त्यांना ओळखलं. सलाम केला, हात धरून वर घेतलं, मग आप्पांना घेतलं आणि इंजिन चालू करायला निघून गेला. वीस मिनिटं मुस्तकीमभाई आप्पांचं कोपर धरून समोर बघत बसले. त्यांना समुद्र दिसला असं म्हणता येणार नाही.

बेट मात्र त्यांनी सांगायचे तसंच निघालं, किंबहुना थोडं जास्तच. उतरल्या उतरल्या झाडी सुरू होते ती संपतच नाही. उंडी, किंजळ, जांभूळ, मध्येच एखादा वड असा पसरलेला की कुठली मुळं आणि कुठल्या फांद्या सांगता येऊ नये. पायवाटेवर ऊन पडतं ते चिल्लरसारखं, सुटं सुटं. मधोमध एक बांधीव विहीर आहे आणि चारी बाजूंना खारं पाणी असून तिचं पाणी गोड लागतं. मंडळी माकडं बघत, फोटो काढत पुढे गेली. आप्पांनी वडाखाली बसकण मारली, पाणी प्यायले, 'झकास आहे हो तुमचं बेट,' म्हणाले आणि बसल्या जागी पेंगायला लागले.

मुस्तकीमभाई त्यांच्या शेजारी बसून राहिले. इतकी शांतता त्यांना सोसवेना. गाडीत निदान पार्किंगचा गलबला असतो. इथे पानं वाजायची, ती थांबली की आपला श्वास ऐकू यायचा. मासूमाला आणलं असतं तर तिने आधी विहिरीचं पाणी चाखून बघितलं असतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी डोळे पुसले. आप्पा झोपले होते म्हणून बरं.

थोड्या वेळाने रहेमान आला. समोर उकिडवा बसला. काडीने माती उकरत राहिला. मग त्यानेच सुरुवात केली.

'उजमा येते दर वेळेला. पार्किंगात.'

रहेमान पुढे सांगू लागला.

'नाशिकची गाडी लागली की मी जेटीवरून फोन करतो तिला. ती येते. काचेतून बघते. तुम्ही निजलेले असता. मग माघारी येते. मी कितीदा म्हणालो, काच वाजव. म्हणते, ड्रायव्हरला उठवू नये. येते कशाला मग, विचारलं तर म्हणते, श्वास चालू आहे ना, बघून आले.'

हे ऐकून दुसरा कुणी कपाळावर हात मारून घेईल. पण हे ड्रायव्हरच्या घरचं शास्त्र आहे, आणि ते मुस्तकीमभाईंच्या घरात मासूमाने अगदी देवाधर्मासारखं पाळलं होतं. रात्रीची गाडी मारून ते सकाळी येऊन झोपले की घरात कुकर लागत नसे. रेडिओ बंद. चार-पाच वर्षांची उजमा उंबऱ्यावर बसून भाजीवाल्याला बोट ओठांवर ठेवून दाखवायची. मासूमा तिला सांगायची की अर्ध्या झोपेतून उठलेला ड्रायव्हर घाटात डुलकी घेतो, आणि मग पॅसेंजरांच्या घरच्यांना जबाब तुला द्यावा लागेल. एकदा पोरीने खेळताना ताटली पाडली तर आईने दिलेली चापट, आणि त्यावर आवाज न करता रडणारी पोर, हे मुस्तकीमभाईंनी अर्धवट डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा त्यांना कौतुक वाटलं होतं.

आता त्यांना आठवलं, टॉवेलवर अधूनमधून सावली पडायची. त्यांना वाटायचं पार्किंगवाला चक्कर मारतोय. सावली दिसली की ते आणखी गाढ झोपेचं सोंग घ्यायचे, श्वास लांबवायचे. चौदा फेऱ्या. त्या प्रत्येक वेळी ती बाहेर किती वेळ उभी होती, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. रहेमाननेही सांगितलं नाही. तो उठला, कपडे झटकले आणि लाँच साडेबाराला सुटेल म्हणाला.

परतल्यावर मंडळी जेवायला गेली. कमळाबाईंनी बजावलं, तीनला निघायचं. मुस्तकीमभाई गाडीत जाऊन बसले. सीट सरळ केली. टॉवेल डॅशबोर्डवर टाकला, मग तिथेही नको म्हणून सीटखाली कोंबला. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ते बसले. पळून जावं असं वाटलं. किल्ली गाडीलाच होती.

दीडच्या सुमाराला उजमा आली. अंगाने भरली होती, चालणं मात्र आईचं. नेहमीच्या अंदाजाने ती खिडकीपाशी आली, आत बघितलं, आणि बाप डोळे उघडे ठेवून आपल्याकडेच बघतोय हे दिसल्यावर एक पाऊल मागे सरकली.

ती म्हणाली, 'आज झोपला नाहीत?'

मराठीत म्हणाली. घरात हे लोक हिंदीच बोलायचे. उजमा लहानपणापासून बापाशी हिंदीतच भांडली, हिंदीतच लाडात आली. इकडे येऊन नऊ वर्षांत घरात मराठी झाली असेल, ते ठीक. पण बापाशी ती बोलली ती एखाद्या पाव्हण्याशी बोलावं तशी, आणि ते मुस्तकीमभाईंच्या फार आत लागलं. त्यांनीही मग मराठीतच सांगितलं की नाही झोपलो.

तिने त्यांच्या केसांकडे बघितलं, ते सगळे पांढरे झाले होते. त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं, बोटांना शिवणाच्या सुईच्या खुणा होत्या. कशिश कशी आहे असं त्यांनी विचारलं असतं तर पाच मिनिटं सोपी गेली असती. पण तिने तेवढी उसंत दिली नाही. जो प्रश्न ती विचारणार हे त्यांना तीन वर्षं माहीत होतं, तोच तिने विचारला.

'अम्मी शेवटी काय बोलली?'

खोटं बोलणं सोपं होतं. काही बोलली नाही, बेशुद्ध होती, एवढं म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? दवाखान्यात त्या खाटेजवळ दोघंच होते, आणि त्यातलं एक कब्रस्तानात. मुस्तकीमभाईंनी हे खोटं तीन वर्षांत शंभर वेळा घोकून ठेवलं होतं. आयत्या वेळी ते तोंडातून निघालं नाही.

'तुझं नाव घेतलं,' ते म्हणाले. 'फोन लाव म्हणाली. मी म्हणालो, उद्या लावतो.'

'मग?'

'उद्या ती नव्हती.'

उजमा रडली नाही, ओरडली नाही. तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढून घेतली, वळली आणि कमानीतून आत गेली. मुस्तकीमभाईंनी हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क आपल्याकडे उरला आहे असं त्यांना वाटत नव्हतं. ते तसेच बसले. जेवणाचा डबा आला होता, तो उघडला नाही. मनावरचं ओझं खरं बोलून उतरतं म्हणतात. त्यांचं काही उतरलं नाही. एवढंच झालं की आता ते दोघांच्या वाट्याला आलं होतं आणि हे त्यांना फार वाईट वाटलं.

तीन वाजता मंडळी आली. पिशव्यांत सुकी मासळी, कोकम, शंखांच्या माळा. सगळे चढले. आप्पा आपल्या जागेवर बसले. मुस्तकीमभाईंनी गाडी चालू केली नाही. सव्वातीन झाले. मागून कुजबुज सुरू झाली, कुणी म्हणालं पंक्चर आहे का. वेळेच्या बाबतीत मुस्तकीमभाईंचं नाव होतं. लग्नाच्या वऱ्हाडालासुद्धा ते दहा मिनिटांवर थांबत नसत. कमळाबाई खाली उतरून खिडकीशी आल्या आणि काय झालं ते त्यांनी विचारलं.

'थांबायचंय,' मुस्तकीमभाई म्हणाले.

किती वेळ, हे त्यांना सांगता येईना. कशासाठी, तेही येईना, कारण कुणी येतो म्हणालं नव्हतं. कमळाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग मागे वळून सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला पिटाळलं. बाई वर्ग चालवायच्या तो उगाच नाही.

चारला पाच कमी असताना कमानीतून उजमा आली. अंगावर बुरखा, पायात प्रवासाच्या चपला. मागे रहेमान, त्याच्या हातात बॅग. तिचे डोळे सुजलेले होते. ती ड्रायव्हरच्या बाजूला न येता पलीकडून केबिनच्या दाराशी गेली. मुस्तकीमभाईंनी आतून वाकून दार उघडलं.

तिने सांगितलं की कशिशला तिचे अब्बा बघतील, दोन दिवसांचा प्रश्न आहे. अम्मीच्या कबरीपर्यंत जायचंय. आपल्यात बायका कब्रस्तानाच्या आत जात नाहीत हे माहीत आहे, दारातून फातिहा पढेन. तेवढं दाखवा, मग परवा एस.टी.त बसवून द्या. हे सगळं तिने मराठीत, हिशोबी, एका दमात सांगितलं. घरी राहीन असं म्हणाली नाही. माफ केलं असं तर नाहीच. मुस्तकीमभाईंनी मान हलवली आणि केबिनच्या सीटवरचं पाण्याचं कॅन उचलून खाली ठेवलं.

रहेमानने बॅग दिली. मंडळी चहा संपवून चढली. पुढे बसलेली बाई कोण हे विचारायला एकाने तोंड उघडलं, कमळाबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने ते मिटलं. मुस्तकीमभाईंनी किल्ली फिरवली. गाडी पार्किंगमधून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा उजमा समोर बघत, बापाकडे मान न वळवता बोलली, आणि या वेळी ती घरच्या बोलीत बोलली.

'अब्बा, मैं रोई तो भी गाडी मत रोको.'

पेण येईपर्यंत ती रडत होती. मुस्तकीमभाईंनी गाडी थांबवली नाही.